कराडच्या एकदिवसीय बुद्धिबळ स्पर्धेच्या प्रकल्प नोंदी (ऑगस्ट ते डिसेंबर २०२५)

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली आणि नोव्हेंबरमध्ये घ्यावयाच्या एकदिवसीय स्पर्धेचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. विषयपत्रिकेवरचा पहिलाच मुद्दा घटत्या उपस्थितीचा होता. पूर्वी शाळेचे सभागृह भरून पटांची शेवटची रांग व्हरांड्यात मांडावी लागत असे. गेल्या वर्षी निम्मे सभागृहही भरले नाही. देशातले वातावरण मात्र नेमके उलट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला आणि परवाच, २८ जुलैला, नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टरही झाली.

‘मुले आता मोबाइलवरच खेळतात’ हे कारण बैठकीत अनेकांनी सांगितले. मला ते पुरेसे वाटत नाही. मोबाइलवर खेळणारा मुलगा प्रत्यक्ष पटावर बसायला उत्सुक असतो, हे मी रविवारच्या सरावात नेहमी पाहतो. तो आपल्या सभागृहापर्यंत पोहोचत नसेल, किंवा एकदा येऊन परत येत नसेल, तर त्याचे कारण आपल्या स्पर्धेच्या घडणीतच शोधावे लागेल, असे मी बैठकीत मांडले. पहिले काम म्हणून जुन्या नोंदवह्या तपासण्याचे ठरले.

१० ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या कपाटातील नोंदवह्या दोन सदस्यांसह वाचून काढल्या. स्पर्धकाचे नाव, गाव, वयोगट आणि मिळालेले गुण एवढे प्रत्येक वहीत आहे. एका वर्षाच्या यादीतील नावे पुढील वर्षाच्या यादीत शोधत गेलो, तेव्हा या सगळ्या कामाची दिशा ठरवणारी गोष्ट हाती लागली. दरवर्षी नव्याने येणाऱ्यांची संख्या फारशी घटलेली नाही. घटली आहे ती दुसऱ्या वर्षी परत येणाऱ्यांची. परत न आलेल्यांत बहुतेक जण दोन किंवा त्याहून कमी गुणांवर थांबलेले आहेत. उंब्रज, मसूर, पाटण आणि ढेबेवाडीकडची नावे सर्वांत जास्त गळाली आहेत.

याचा अर्थ असा की जाहिरातीवर अधिक पैसे घालून उपयोग होणार नाही. आलेला माणूस नाराज होऊन जात असेल, तर पुढच्या वर्षी तेवढेच नवे लोक आणून तेवढेच गमवायचे, असे चालू राहील.

२० ऑगस्ट, बुधवार

पाऊस थांबलेला नाही आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू असल्याने नदीकाठच्या सदस्यांना घराबाहेर पडणे अवघड आहे. आजची बैठक रद्द करून घरी बसूनच दूरध्वनी करण्याचे ठरवले. परत न आलेल्या स्पर्धकांची यादी आम्ही पाच जणांनी वाटून घेतली. ‘या वर्षी या’ असे कोणालाही म्हणायचे नाही, फक्त त्या दिवशी काय आवडले नाही ते विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, एवढी एकच सूचना सर्वांना दिली.

२४ ऑगस्ट, रविवार

उत्तरे एकत्र केली. मोबाइलचा उल्लेख जवळजवळ कोणीच केलेला नाही. सर्वाधिक तक्रार वेळेची आहे. नऊची वेळ देऊन पहिली फेरी साडेदहाला सुरू होते, पुढच्या फेरीच्या जोड्या कधी लागतील हे कोणी सांगत नाही आणि बक्षीस समारंभ प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत संध्याकाळी लांबतो. पाटण तालुक्यातील एका पालकांनी सांगितले, “शेवटची फेरी सोडून मुलाला एसटीत बसवलं. तो गाडीत रडत होता, कारण त्याला पदक मिळणार होतं.” हे वाक्य मी बैठकीत दोनदा वाचून दाखवले.

दुसरी तक्रार पहिल्या फेरीची आहे. स्विस पद्धतीत कोणी बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत साधारण समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. पहिल्या फेरीसाठी मात्र सर्व स्पर्धकांची बलानुसार यादी करून तिचे दोन भाग पाडले जातात आणि वरच्या भागातील पहिल्याची गाठ खालच्या भागातील पहिल्याशी घातली जाते. शंभर स्पर्धक असतील तर पहिला एक्कावन्नाव्याशी आणि पन्नासावा शंभराव्याशी खेळतो. पद्धत न्याय्य आहे, पण पहिल्यांदा आलेले नऊ वर्षांचे मूल आंतरराष्ट्रीय मानांकन (निकालांवरून ठरणारा ताकदीचा अधिकृत आकडा) असलेल्या खेळाडूसमोर बसते, दहा मिनिटांत मात खाते आणि पुढच्या फेरीपर्यंत तासभर भिंतीला टेकून बसून राहते. नंतरच्या फेऱ्यांत जोड्या समतोल होत जातात, परंतु तोपर्यंत त्याचा दिवस खराब झालेला असतो.

तिसरी गोष्ट मुलींच्या पालकांकडून कळली आणि ती आम्हा कोणाच्याही मनात आली नव्हती. सभागृहाजवळच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती आणि पाणी दुपारीच संपले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

गणेशोत्सव आटोपल्यावरची पहिली बैठक. आज सर्वांत जास्त चर्चा गट करण्यावर झाली. माझा प्रस्ताव असा होता की स्पर्धेचे दोन स्वतंत्र गट असावेत: एक खुला गट आणि दुसरा नवोदितांचा, ज्यात कोणतेही मानांकन नसलेले आणि आधीच्या स्पर्धेत अर्ध्याहून कमी गुण मिळालेले खेळाडू असतील, मग त्यांचे वय काहीही असो. वयोगटापेक्षा खेळाच्या ताकदीनुसार गट केले तर पन्नाशीत खेळायला शिकलेल्या माणसालाही आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो.

याचा आणखी एक लाभ वेळेच्या दृष्टीने आहे. स्विस पद्धतीत सर्व डाव जिंकणारा एकच खेळाडू उरावा यासाठी प्रत्येक फेरीत अपराजितांची संख्या निम्मी होत जाते हे लक्षात घेऊन फेऱ्या ठरवतात. ६४ पर्यंत स्पर्धकांना सहा फेऱ्या पुरतात, त्यापुढे १२८ पर्यंत सात लागतात. एकच मोठा गट असल्यामुळे आपण सात फेऱ्या घेत होतो. दोन गटांत ६४ हून कमी खेळाडू राहिले तर दोन्हीकडे सहा फेऱ्यांत निकाल लागेल आणि दिवस तासाभराने आटोपता येईल. गावाकडच्या खेळाडूंच्या दृष्टीने हा तास फार मोलाचा आहे.

पहिले बक्षीस कमी करण्याच्या सूचनेवर मतभेद झाले. मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की पहिले बक्षीस कमी केले तर सांगली-कोल्हापूरचे बलवान खेळाडू येणार नाहीत, आणि त्यांचा खेळ जवळून पाहता येणे हेच लहान गावातील मुलांचे खरे शिक्षण असते. कृष्णाकाठी हा मुद्दा सहज बाजूला सारता येत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि पुढे तिथल्या स्पर्धांतून खेळाडूंच्या कित्येक पिढ्या घडल्या, त्या मोठ्यांच्या शेजारच्या पटावर बसूनच. तरीही नवोदितांच्या प्रवेश शुल्कातून जमलेली रक्कम दोघातिघांच्या पाकिटात जावी, हे मला योग्य वाटत नाही. शेवटी असे ठरले की पहिल्या बक्षिसाची रक्कम कमी करावी, प्रत्येक गटाचे शुल्क त्याच गटाच्या बक्षिसांसाठी वापरावे, खुल्या गटाची मोठी बक्षिसे देणगीतून द्यावीत आणि नवोदितांत रोख रकमेऐवजी अनेक चषक, पदके व बुद्धिबळाचे संच द्यावेत.

२१ सप्टेंबर, रविवार

स्पर्धा मानांकित करावी का, म्हणजे तिचे निकाल मानांकनासाठी धरले जावेत का, हा प्रश्न एका प्रशिक्षकांनी पत्राने विचारला होता. मानांकनामुळे गर्दी वाढते हे खरे आहे. परंतु त्यासाठी प्रत्येक खेळाडूची अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी लागते, अधिकृत पंच लागतात आणि शुल्क वाढते. शिवाय पहिले मानांकन मिळण्यासाठी मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि आपल्या सभागृहात जलद (कमी वेळेच्या डावांच्या) प्रकारचे मानांकन असलेले खेळाडू इतके थोडे असतात की बहुतेक मुले वाढीव शुल्क भरूनही त्याशिवायच परत जातील. मार्च २०२४ पासून मानांकनाची किमान पातळी १००० वरून १४०० करण्यात आली असल्याने ती पायरी पूर्वीपेक्षा उंचही झाली आहे. पुण्यात दोन-तीन दिवस मुक्काम करून मानांकित स्पर्धा खेळण्याआधी मुलाला जिथे घड्याळाची, पंचांची आणि शांततेची सवय होईल, अशी जागा तालुक्यात असणे गरजेचे आहे. आपली स्पर्धा तशीच राहावी, असे सर्वानुमते ठरले.

वेळापत्रकाचेही आज नक्की केले. इलेक्ट्रॉनिक घड्याळे सर्व पटांना पुरणार नाहीत, म्हणून नवोदितांच्या गटात चावीची घड्याळे वापरावी लागतील. चावीच्या घड्याळात प्रत्येक चालीमागे सेकंद वाढवण्याची सोय नसते. त्यामुळे तिथे प्रत्येकी २० मिनिटे दिली तर कोणताही डाव ४० मिनिटांपलीकडे जात नाही. खुल्या गटात १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला ५ सेकंद ठेवले आहेत. साठ चालींच्या डावात हेही प्रत्येकी २० मिनिटांच्या आसपास येते. दोन्ही गटांची फेरी दर ५५ मिनिटांनी सुरू करता येईल. पहिली फेरी ९.३० ला, दुपारी पाऊण तासाची सुट्टी आणि शेवटची फेरी ३.३० च्या आत सुरू. हे वेळापत्रक माहितीपत्रकावर बक्षिसांच्या वर छापायचे आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला आणि शाळांच्या सत्र परीक्षा जवळ आल्या, म्हणून शाळाभेटी याच आठवड्यात उरकल्या. आजवर आपण मुख्याध्यापकांकडे पत्रके देऊन येत असू आणि ती सूचनाफलकावरच राहत असत. या वेळी प्रत्येक शाळेत एक तास मागून घेतला, वर्गात पट मांडले आणि ‘फक्त प्याद्यांचा डाव’ खेळवला: आठ-आठ प्यादी आणि राजा, ज्याचे प्यादे आधी शेवटच्या घरात पोहोचेल तो जिंकला. ज्यांना घोड्याची चालही येत नाही अशी मुलेही दहा मिनिटांत खेळायला लागली. पाटण तालुक्यातील एका शाळेतील शिक्षिकेने स्वतःहून नावे लिहून घेतली आणि जाता-येता मुलांना सोबत करण्याची तयारी दाखवली. अशी एक शिक्षिका मिळाली की त्या शाळेचा प्रश्न सुटतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुलींच्या सहभागाबद्दल आज स्वतंत्र बैठक घेतली आणि तिला आमच्या जुन्या महिला खेळाडूंना बोलावले. या राज्यात मुलींच्या बुद्धिबळाला मोठी परंपरा आहे. खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि राष्ट्रीय विजेत्या भाग्यश्री साठे-ठिपसे तर शेजारच्या सांगलीच्या. असे असूनही आमच्या वह्यांत आठवीनंतर मुलींची नावे एकदम विरळ होतात. बैठकीतील एका महिला सदस्यांच्या मते, ज्या सभागृहात एखादी मुलगी शंभर मुलांत एकटी बसलेली असते, तिथे तिला दुसऱ्या वर्षी यावेसे वाटत नाही. दोघी-तिघी मैत्रिणी एकत्र आल्या तर त्या टिकतात. त्यामुळे शाळेतून तीन किंवा अधिक मुलींनी एकत्र नाव नोंदवल्यास शुल्क निम्मे करण्याचे आणि पंचांमध्ये किमान एक महिला असण्याचे ठरले. स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीचा खर्च मंडळाने करावा यास शाळेच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली. कड्या, दिवे आणि पाण्याची जादा टाकी, एवढेच काम आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत नोंदणी थंडावली होती, ती भाऊबीजेनंतर पुन्हा सुरू झाली. ज्यांना ऑगस्टमध्ये दूरध्वनी केले होते त्यांना पुन्हा संपर्क साधून, त्यांनी सांगितलेल्या कोणत्या गोष्टी बदलल्या तेवढेच कळवले. यांपैकी बऱ्याच जणांनी नावे दिली.

५ नोव्हेंबर, बुधवार

नगरपरिषद निवडणुकांची आचारसंहिता कालपासून लागू झाली आहे. त्यामुळे दरवर्षीप्रमाणे लोकप्रतिनिधींच्या हस्ते बक्षीस वितरण करणे या वेळी उचित नाही. आमच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने हे उपकारकच ठरले. बक्षिसे मंडळाच्या सर्वांत वयोवृद्ध खेळाडूंच्या हस्ते द्यावीत आणि भाषणे ठेवू नयेत, हा ठराव कोणाचेही मन न दुखावता संमत झाला.

गोव्यात सध्या विश्वचषक चालू असल्याने शहरात बुद्धिबळाची चर्चा आहे. एका दैनिकाने आमची बातमी त्याच पानावर छापली आणि त्या दिवशी बरीच नावे आली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सायंकाळी सभागृहात पट मांडले. चावीची सर्व घड्याळे रात्री एकदम चालवून त्यांची तुलना केली आणि जी दहा मिनिटांत अर्ध्या मिनिटाहून अधिक पुढे-मागे गेली ती बाजूला काढली. जोड्यांचे कागद लावण्यासाठी दोन्ही दारांजवळ फलक ठेवले. पूर्वी एकाच कागदाभोवती सर्वांची झुंबड होऊन प्रत्येक फेरीची सुरुवात लांबत असे. शेजारच्या वर्गात पालकांसाठी खुर्च्या आणि चहाची सोय केली, म्हणजे सभागृहात फक्त खेळाडू आणि पंच राहतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी ९.३० ला सुरू झाली. जे उशिरा आले त्यांना दुसऱ्या फेरीपासून सामावून घेतले, पण कोणासाठीही थांबलो नाही. दोन्ही गट मिळून उपस्थिती गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट होती. वाढ जवळजवळ सगळी नवोदितांच्या गटात आहे. खुला गट साधारण पूर्वीएवढाच राहिला.

स्पर्धकांची संख्या विषम झाली की एकाला खेळाविना पूर्ण गुण मिळतो आणि त्याला तासभर बसून राहावे लागते. आज प्रत्येक गटासाठी मंडळाचा एक राखीव खेळाडू तयार ठेवला होता. त्यामुळे दिवसभरात एकही मूल डावाविना राहिले नाही.

चौथ्या फेरीत नवोदितांच्या एका पटावर गर्दी झाली. राजा आणि हत्ती असलेला मुलगा समोरच्या एकट्या राजाला कडेला ढकलत होता, पण हत्तीने रेषा अडवून धरण्याऐवजी पुन्हा पुन्हा शह देत होता, आणि प्रत्येक शहानंतर राजा निसटत होता. एवढ्यात त्याच्या घड्याळाचा झेंडा पडला, म्हणजे त्याची वेळ संपली. समोरची मुलगी जिंकली असे सर्वांना वाटले आणि तिच्या पालकांनीही दारातून तसे म्हटले. पंचांनी दोन्ही मुलांना बाजूला घेऊन समजावले की ज्याच्याकडे केवळ राजा उरला आहे तो कोणत्याही चालींनी मात करू शकत नाही, म्हणून समोरच्याची वेळ संपली तरी डाव बरोबरीतच सुटतो. मग त्यांनी दोघांना विश्लेषणाच्या टेबलाकडे पाठवले.

हे टेबल या वर्षी प्रथमच मांडले होते. व्हरांड्यात एक पट, दोन खुर्च्या आणि खुल्या गटातून आळीपाळीने येणारा एक अनुभवी खेळाडू, एवढीच व्यवस्था. ज्या ज्येष्ठ सदस्यांनी बक्षिसांवर हरकत घेतली होती तेच दुपारनंतर तिथे बसले होते. त्यांनी त्या मुलाला हत्ती एका रेषेवर ठेवून प्रतिपक्षाच्या राजाची घरे कशी कमी करायची, आपला राजा त्याच्यासमोर आणून उभा करायचा आणि मगच शह द्यायचा, हे तीन-चार वेळा करायला लावले. शेवटच्या वेळी त्याने कोणाच्याही मदतीविना मात केली. मुलीने मग हत्ती स्वतःकडे मागून घेतला. मोठ्या खेळाडूंच्या सहवासाबद्दल सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी जे सांगितले होते, त्याला इथे योग्य जागा मिळाली असे मला वाटते.

समान गुण झाल्यावर क्रम कसा ठरतो, यावरून दरवर्षी वाद होतात. या वेळी बुखोल्झ पद्धत म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो त्या सर्वांच्या गुणांची बेरीज, हे एका उदाहरणासह फळ्यावर सकाळीच लिहून ठेवले होते. एकही तक्रार आली नाही. साडेचारला बक्षीस वितरण सुरू झाले आणि पाचला सभागृह रिकामे झाले. पाटणची मुले शिक्षिकेबरोबर पदके घेऊन एसटी स्टँडकडे गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आढावा बैठक. हिशेब जमला, पहिल्या बक्षिसाची रक्कम कमी केल्याने पदके, दुरुस्ती आणि चहापान यांचा खर्च निघाला. दोन अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. साठीच्या पुढचे खेळाडू थोडेच आले. ज्यांना विचारले त्यांच्या मते दिवसाला सहा डाव त्यांना झेपत नाहीत आणि लहान मुले घड्याळ जोरात आपटतात त्याचा त्रास होतो. त्यांच्यासाठी निम्म्या दिवसाची, चार फेऱ्यांची वेगळी स्पर्धा घ्यावी असे मी सुचवले आहे. दुसरे म्हणजे मुलींची संख्या वाढली, पण जवळजवळ सर्व सातवीच्या आतल्या आहेत. आठवी ते दहावीच्या मुलींपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आम्हाला अजून सापडलेला नाही, आणि शुल्कातील सवलतीने तो सापडेल असे आता वाटत नाही. माध्यमिक शाळांतील शिक्षिकांशी याच विषयावर बोलण्याचे काम दोन महिला सदस्यांनी स्वीकारले आहे.

७ डिसेंबर, रविवार

नवोदित गटातील सर्वांना त्यांचे सहा निकाल आणि ‘आता याचा सराव करा’ असे एक-दोन ओळींचे टिपण पाठवून झाले. ही टिपणे पंचांनी आणि विश्लेषणाच्या टेबलावर बसलेल्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवली होती. पालकांची बरीच उत्तरे आली आणि त्यांतील बहुतेकांनी पुढची स्पर्धा कधी, असेच विचारले आहे. त्यामुळे वर्षभर न थांबता मार्चच्या सुरुवातीला, शिष्यवृत्ती परीक्षा आटोपल्यावर आणि वार्षिक परीक्षांच्या आधी, फक्त नवोदितांची चार फेऱ्यांची स्पर्धा घेण्याचे आज ठरले. ती कराडऐवजी पाटणला घ्यावी, असा माझा प्रस्ताव मान्य झाला. त्या शिक्षिकेने शाळेच्या दोन वर्गखोल्या मागून घेतल्या आहेत. पट आणि घड्याळे मंडळाने न्यायची आहेत. बाजूला काढलेली घड्याळे दुरुस्तीला दिली असून ती जानेवारीत मिळतील.